कठड्याची पलीकडची बाजू

१

शिवणकामाच्या त्या कारखान्यात तिला नावाने कोणी हाक मारत नसे. सगळ्यांची ती धरामावशी. सकाळी बायका कामावर यायला लागल्या की ही जिन्याच्या वळणावर उभी, संध्याकाळी सुटायची घंटा झाली की पुन्हा उभी, आणि तोंडाने एकच घोष : "धरा बायांनो, कठडा धरा. एकदा धरला की सोडायचा नाही." नव्या पोरी तिची नक्कल करायच्या, पाठीमागे खुसुखुसु हसायच्या. पण त्याच पोरी जुन्या झाल्या की न सांगता कठडा धरायच्या. गप्पा मारताना, जांभया देताना, एकमेकींच्या उखाळ्यापाखाळ्या काढतानासुद्धा हात आपोआप कठड्यावर जायचा. झाडूपोछा काय, कोणीही करतं. ही सवय मात्र आपण लावली, असं मावशी घरी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत असे.

जिना होताच तसा. चार मजली इमारत, लिफ्ट फक्त कापडाच्या ताग्यांसाठी, आणि जिना चारही भिंतींना धरून गरगर वर गेलेला. मधोमध वरपासून खालपर्यंत नुसती पोकळी. बायका तिला विहीर म्हणायच्या. चौथ्या मजल्यावरून वाकून पाहिलं तर तळाची फरशी ताटाएवढी दिसायची. विहिरीच्या कडेने लोखंडी गज आणि गजांवर गोल लाकडी कठडा. इतक्या वर्षांच्या हातांनी आणि मावशीच्या तेलाच्या फडक्याने तो असा गुळगुळीत झालेला, की त्यात ट्यूबलाइटचा उजेड लांबच लांब ओघळलेला दिसे.

सुपरवायझरसाहेब पाहुण्यांना इमारत दाखवताना जिन्यापाशी हमखास थांबायचे. "या जिन्यावरून आजवर एकही माणूस खाली पडलेलं नाही," असं सांगायचे. कोणाच्या जिवावर, तेही सांगा की, असं मावशी मनातल्या मनात म्हणायची आणि फडका पिळायची.

तिची सून चौथ्या मजल्यावर मशीनवर होती. मावशीनेच शब्द टाकून चिकटवलेली. सुनेला आता सातवा महिना लागला होता. आधीचं बाळ पाचव्यातच गेलं होतं. न्हाणीघरात पाय घसरला, एवढंच निमित्त. तेव्हापासून मावशीच्या घरात न्हाणीघर कोरडं केल्याशिवाय कोणी पाऊल टाकत नसे. भरपगारी रजा मिळायला अजून थोडे दिवस रेटायचे होते, म्हणून सून येत होती. मावशी सकाळी लवकर जायची, पण संध्याकाळी सासू पुढे, सून मागे, दोघी एकदमच घरी निघायच्या. वाटेत सून म्हणायची, "आई, रस्त्यालापण कठडा बसवून घ्या ना." मावशी म्हणायची, हस तू, तुझं मूल चालायला लागलं की मग बघते कोण हसतं ते.

२

कारखान्यात कापडाचं तूस फार. दिवसभर मशिनी चालायच्या, आणि रात्री सगळं सामसूम झालं की हवेतलं तूस हलकेच खाली बसायचं. सकाळी कठड्यावर त्याची पातळ राखाडी साय धरलेली असे. वॉचमनकाकांनी कुलूप काढलं की सगळ्यांच्या आधी आत शिरणारी मावशी. वरपासून खालपर्यंत कोरडा फडका मारायचा, साय पुसून काढायची, हे तिचं पहिलं काम.

एका सकाळी त्या सायीत बोटं उमटलेली दिसली.

दुसऱ्या मजल्याच्या वळणाच्या थोडं वर. चार बोटं आणि एक अंगठा. कोणीतरी धरून गेलं असेल, म्हणून तिने फडका उचलला, आणि तिचा हात तसाच राहिला. कुलूप तर आत्ता निघालं होतं. तूस रात्रभर बसत होतं. मग हे धरलं कधी? आणि कोणी?

मावशी काही भित्री बाई नव्हती. मांजर असेल म्हणाली. मांजराला अंगठा नसतो, हेही तिचं तिनेच म्हटलं. मग काल संध्याकाळचेच ठसे असतील, त्या जागी तूस कमी बसलं असेल, असं ठरवून तिने पुसून टाकलं.

दुसऱ्या दिवशी ते पुन्हा होते. या वेळी तिने नीट पाहिलं. जिन्यावरून उतरणारं माणूस कठडा धरतं तेव्हा अंगठा जिन्याकडे राहतो आणि बोटं वळून पलीकडे, विहिरीकडे जातात. इथे उलटं होतं. अंगठा विहिरीकडे होता, बोटं जिन्याकडे वळलेली होती. तिने आपला हात त्या ठशांवर बसवून बघायचा प्रयत्न केला. मनगट वळवलं, कोपर उचललं, तरी जमेना. तसा हात बसवायचा तर कठड्याच्या पलीकडे उभं राहायला हवं. आणि पलीकडे उभं राहायला काही नव्हतंच.

शिवाय ठसे नुसते उमटलेले नव्हते, ओढले गेले होते. वरून खाली, उताराच्या दिशेने, चार लांब पट्टे. कोणाची तरी पकड घसरत घसरत यावी, तसे. वळणापाशी येऊन ते संपत होते.

३

वॉचमनकाकांना तिने आडून आडून विचारलं. रात्री कोणी वर जातं का? काका म्हणाले, माझा गुडघा मला पहिल्या मजल्यावर जाऊ देत नाही बाई, आणि माझ्याशिवाय इथे असतं कोण? मग तिने ओठांवर आलेलं विचारूनच टाकलं, कधी कोणी पडलं होतं का हो इथे, पूर्वी? काका सगळ्यात जुने. त्यांनी पुष्कळ वेळ आठवून पाहिलं आणि मान हलवली. नाही. इथे कोणीच कधी पडलं नाही.

हे ऐकून बरं वाटायला हवं होतं. तिला वाटलं नाही.

ती रोज पुसत राहिली. तेलाचा हात जरा जास्तच फिरवायला लागली, म्हणजे ठसे धरणारच नाहीत. ठसे धरले, फक्त जास्त लांब ओघळले. एकदा तर तिसऱ्या मजल्यापासून निघालेले पट्टे थेट पहिल्या मजल्यापर्यंत आलेले होते, आणि मध्ये मध्ये बोटं रुतवायची धडपड दिसत होती. तिला त्या धडपडीची कीवच आली. मग आपल्याला कीव कोणाची आली, हे लक्षात आलं आणि तिने फडका जोरात फिरवून पट्टे पुसून टाकले.

सुनेला ती एका शब्दाने बोलली नाही. पोटुशीला भलतंसलतं सांगून तिची झोप उडवायची, ही कसली सासू?

आणि त्याच आठवड्यात सुनेचा हात घसरला.

संध्याकाळी उतरताना तिचा पाय पायरीच्या कडेवर पडला, तोल गेला, तिने कठडा धरला, आणि तेलकट कठड्यावरून हात सर्रकन पुढे गेला. मागच्या बाईने दंड पकडला म्हणून निभावलं. सून हसत होती, पण तोंडावर रंग नव्हता. "आई, तुमच्या कठड्याचं लग्न ठरलंय का? एवढं तेल लावता ते."

मावशी हसली नाही. रात्रभर तिच्या डोळ्यांपुढे तो घसरणारा हात होता. आपण आपल्या हातांनी तो कठडा निसरडा केला. ज्याचं भलं करायला गेलो, त्याच्याच मुळावर उठत होतो. आधीचं मूल न्हाणीघराने नेलं, हे जिन्याने न्यायचं का? सकाळ होईपर्यंत तिने ठरवून टाकलं. ते पट्टे, ती बोटं, सगळं मागे पडलं. तिच्या डोक्यात आता एकच गोष्ट होती : कठड्यावर हात घट्ट बसला पाहिजे.

४

पायऱ्यांच्या कडेला लावतात ती काळी खरखरीत पट्टी गोदामात रिळंच्या रिळं पडून होती. सुपरवायझरसाहेब म्हणाले, कठड्याला कोणी पट्टी लावतं का? मावशी त्यांच्या टेबलापुढून हललीच नाही. शेवटी ते म्हणाले, लावा, माझं डोकं खाऊ नका.

मिस्त्री आला. बायका त्याला तोंडाळ मिस्त्री म्हणायच्या. तो फक्त वरच्या बाजूने, तळवा टेकतो तेवढ्या भागावर पट्टी चिकटवायला निघाला होता.

"गोल गुंडाळ," मावशी म्हणाली. "जखमेला बांधतात तशी. खालून, पलीकडून, सगळीकडून."

"पलीकडून कशाला मावशी? तिकडून कोण धरणार आहे?"

वरवर चिकटवलेली पट्टी दोन दिवसांत सुटते आणि सुटलेल्या टोकात बोट अडकून आणखी कोणी पडायचं, एवढंच मावशीच्या मनात होतं. तसं ती म्हणालीही. मिस्त्री पुटपुटत कामाला लागला. चौथ्या मजल्यापासून तळापर्यंत त्याने एक बोटभर लाकूड उघडं ठेवलं नाही. पलीकडची बाजू गुंडाळायला त्याला गजांमधून हात घालून चाचपडावं लागत होतं. एकदा त्याने हात चटकन मागे घेतला आणि तळव्याकडे बघत बसला. काय झालं, विचारलं तर म्हणाला, काही नाही, गार लागलं.

संध्याकाळी बायकांनी कठडा धरला आणि सगळ्या खूश झाल्या. मावशी, आता हात सुटायचा म्हटला तरी सुटत नाही, असं एकजण म्हणाली. सून उतरून खाली आली, तिने सासूच्या गालाला हात लावला आणि दोघी घरी गेल्या. मावशीने त्या रात्री पोटभर जेवण केलं.

५

सकाळी पट्टीवर तुसाची साय होती आणि तिच्यात ठसे होते. पण पट्टे नव्हते. कुठेही घसरलेलं नव्हतं. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर चार बोटं, स्वच्छ, घट्ट रुतलेली. त्यांच्या थोडं वर पुन्हा चार बोटं, दुसऱ्या हाताची. त्यांच्या वर पुन्हा पहिल्या हाताची.

मावशी फडका हातात धरून एकेक पायरी चढत गेली. ठसे तिच्याबरोबर वर चढत होते. तिसऱ्या मजल्याच्या जरा अलीकडे ते थांबले होते.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, असं तिच्या मनात आलं. इतके दिवस तेलाने जे घसरत होतं, त्याला आता धरायला जागा मिळाली होती.

पट्टी खरवडून काढावी? मग सुनेचा हात घसरेल. ठेवावी? मावशी वळणावर उभी राहिली. इमारत अजून रिकामी होती, मशिनी बंद होत्या. विहिरीतून हवा आल्यासारखा एक बारीक आवाज येत होता. खूप वेळ लोंबकळून दमलेलं माणूस नाकाने श्वास घेतं, तसा. ती वाकून बघू शकली असती. कठडा तिच्या कमरेएवढाच होता. तिने पाहिलं नाही. पाइपातली हवा आहे, ती मोठ्याने म्हणाली, आणि तिच्या आवाजाबरोबर तो दुसरा आवाज थांबला.

पुढच्या दिवशी ठसे तिसऱ्या मजल्यावर होते. त्याच्या पुढच्या दिवशी त्याहून वर. मग एका सकाळी ते चौथ्या मजल्यावर, जिथे कठडा संपून सुनेच्या विभागाचं दार सुरू होतं, तिथे सापडले. तिथे ते खूप वेळ थांबलेले असावेत. पट्टीचा खरखरीतपणा बोटांच्या आकाराने झिजला होता.

६

त्या दिवशी मावशीने सुनेला म्हटलं, आज मी वर येते, आपण दोघी मिळून उतरू. पण घंटेच्या आधी दुसऱ्या मजल्यावर कोणीतरी चहा सांडला आणि तिला फडका घेऊन तिकडे जावं लागलं. ती पुसतच होती, तेवढ्यात घंटा झाली.

बायका उतरायला लागल्या. पावलांचा, बडबडीचा, डब्यांचा गलका विहिरीत घुमायला लागला. मावशीने सवयीने "धरा बायांनो" म्हटलं आणि मान वर केली.

खालून पाहिलं की कठड्याच्या पलीकडे नुसत्या बोटांची टोकं दिसायची. रांगेने, पाखरं बसल्यासारखी. मावशीला ते दृश्य फार आवडायचं. आजही दिसत होती. चार टोकं, चार टोकं, चार टोकं. आणि त्या रांगेत एका ठिकाणी टोकं नव्हती. तिथे मनगट होतं. मनगट, आणि त्याखाली सरळ लोंबणारा हात, कोपरापर्यंत. कोपराच्या खाली जिन्याची सावली पडली होती.

तो हात रांगेबरोबर खाली येत होता. त्याच्या लगेच मागे असलेली बोटं सुनेची होती. मावशीला ती कुठेही ओळखता आली असती.

मग रांग थांबली. वरून सुनेचा आवाज आला, अगदी साधा, जरा गोंधळलेला. "आई, माझा हात सुटत नाहीये."

मावशी कशी चढली, तिला माहीत नाही. बायकांना बाजूला सारत ती तिसऱ्या मजल्याच्या वळणावर पोचली. सून कठड्याला टेकून उभी होती, डोळे मिटलेले, कपाळावर घाम. हातात गोळा आलाय बहुतेक, म्हणाली. एका हाताने तिने पोट धरलं होतं. दुसऱ्या हाताच्या मनगटावर, पलीकडून वळून आलेली, चार बोटं होती.

राखाडी. तुसाने माखलेली, नखांच्या कडेकडेला तूस भरलेली. ती ओढत नव्हती. तेच वाईट होतं. ती नुसती धरून होती, मावशीने रोज शिकवलं होतं तशी, एकदा धरल्यावर न सोडता.

मावशीने विहिरीत पाहिलं नाही. ती सुनेच्या आणि मागच्या बायकांच्या मध्ये पाठ करून उभी राहिली, म्हणजे कोणाला दिसायला नको. मग तिने आपला हात त्या बोटांच्या शेजारी ठेवला आणि घरातल्या लेकराशी बोलावं तशा आवाजात हळूच म्हणाली, "तिला सोड. मला धर."

बराच वेळ काही झालं नाही. मग एकेक करून बोटं उचलली गेली आणि एकेक करून तिच्या मनगटावर आली. गार, आणि इतकी जड, की तिचा खांदा खाली ओढला गेला.

"सुटला," सून म्हणाली. "बाई गं. मुंग्या आल्यात नुसत्या."

"जा तू खाली. मी आलेच."

बायका मागून जात राहिल्या. एक म्हणाली, मावशी, कठड्याला चिकटलात की काय? मावशी म्हणाली, हो ना गं, पट्टीच तशी आहे. सगळं शांत होईपर्यंत ती तिथेच उभी राहिली. शेवटच्या पावलाचा आवाज गेला, दार लागलं, तेव्हा कुठे ती पकड ढिली झाली.

७

सुनेला तिने दुसऱ्या दिवसापासून घरी बसवलं. भरपगारी रजा गेली, लेकाने कटकट केली, पण ती बधली नाही. बाळ सुखरूप झालं. मुलगी, गोरीगोमटी, मुठी घट्ट आवळून झोपणारी.

मावशी मात्र कामावर जातच राहिली. लेक म्हणायचा, आता पुरे, नातीला खेळव. ती म्हणायची, मी नसले तर तिथे धरणार कोण? सगळे हसायचे. रोज सकाळी आणि रोज संध्याकाळी ती तिसऱ्या मजल्याच्या वळणावर कठड्यावर हात ठेवून उभी राहायची. बायकांची पावलं वाजायला लागली की मनगटावर गार वजन यायचं आणि जिना रिकामा झाला की जायचं. सवय होते माणसाला कशाचीही. फक्त नातीला ती डाव्याच हाताने घ्यायची.

सुपरवायझरसाहेब पाहुण्यांना अजूनही तेच सांगत होते. आजवर एकही माणूस खाली पडलेलं नाही.

ते किती खरं होतं, हे मावशीला एका सकाळी कळलं.

तुसाच्या सायीत तिच्या जागेवर नेहमीचे ठसे होते. त्यांच्या खाली दुसरे होते, रुंद बोटांचे. त्यांच्या खाली आणखी. दुसऱ्या मजल्यावर, पहिल्या मजल्यावर, थेट तळापर्यंत, मोठे, लहान, एक तर अगदी पोरीच्या हाताएवढा. सगळ्यांचे अंगठे विहिरीकडे, सगळ्यांची बोटं आत वळलेली. पट्टी तर तिनेच सगळीकडून गुंडाळून घेतली होती.

तिच्यापाशी हात दोन होते.

तिने साहेबांना सांगितलं, पट्टी आजच्या आज काढा. ते म्हणाले, उद्या मिस्त्रीला बोलावू. मग दुपारी, बायका मशिनीवर असताना, तिने भाजीची सुरी घेतली आणि तळापासून पट्टी खरवडायला सुरुवात केली. निघता निघेना. नखं दुखायला लागली. घंटेच्या आधी वर पोचायचं, हे तिच्या मनात होतं.

आणि वीज गेली. सगळ्या मजल्यांवरच्या मशिनी एकदम थांबल्या. त्या शांततेत चौथ्या मजल्यावरून एक तान्हं मूल रडल्याचा आवाज आला. मावशी उठून उभी राहिली. लिफ्टवाला जाताजाता म्हणाला, तुमची सून आलीय ना बाळ दाखवायला, मघाशी मीच नेऊन सोडली वर, ताग्यांबरोबर. आता लिफ्ट बंद. येतील जिन्याने, आज लवकर सोडलंय सगळ्यांना.

वर दारं उघडली. पावलं, हसणं, बाळाचे लाड करणारे आवाज, सगळं एकदम विहिरीत उतरलं.

"भिंतीकडून या," मावशी ओरडली. "कठड्याला हात लावू नका. कोणी हात लावू नका."

पहिल्या मजल्यावरच्या दोघी-तिघींना ऐकू गेलं. त्या हसल्या. मावशी आज थट्टेत आहे, म्हणाल्या, आणि हसत हसत सवयीने त्यांनी कठडा धरला. त्यांच्या वरच्या बायकांनी धरला. त्यांच्या वरच्या. अंधारलेल्या जिन्यावर बोटांची टोकं एकेक करून पलीकडे आली, आणि सगळा कठडा, खालपासून वरपर्यंत, वजनाने करकरला.

अगदी वर सून वाकून खाली बघत होती. बाळ खांद्याशी, एक हात मोकळा. एवढ्या गलक्यात सासू काय ओरडतेय ते तिला ऐकू येणं शक्य नव्हतं. पण मावशी जिन्यापाशी उभी राहून रोज काय ओरडते, ते तिला पाठ होतं. ती हसली, मान डोलावली, आणि सासूला खालून दिसावं म्हणून तिने मोकळा हात पुढे केला आणि कठडा घट्ट धरला.